हॉरर होस्ट: विदूषक की सोबती?

निशाचर: परवा इथल्या एका लेखात वाचलं, 'अमेरिकेतल्या लोकल चॅनेलवर भुताचे पिक्चर सादर करणारे हॉरर होस्ट म्हणजे रद्दी पिक्चरच्या मध्ये तोंड वेंगाडणारे विदूषक.' डोक्यात गेलं. रद्दी? १९५७ साली स्क्रीन जेम्स या कंपनीनं 'शॉक' नावाखाली युनिव्हर्सलचे ५२ जुने पिक्चर स्टेशनांना विकले. त्यात 'ड्रॅक्युला' होता, 'फ्रँकेन्स्टाइन' होता. रात्रीची वेळ भरायची होती, खिशात दमड्या नव्हत्या. मग निवेदक, हवामानवाला, जो हाताशी सापडेल त्याला रंग फासून उभं केलं. फिलाडेल्फियात जॉन झॅकर्ले 'रोलंड' झाला, शवपेटीतल्या न दिसणाऱ्या बायकोशी गप्पा मारायचा. लोक जागायचे ते त्याच्यासाठी.

शिस्तीतला_प्रेक्षक: विदूषक हा शब्द मला तर सौम्य वाटला. चालू पिक्चरमध्ये झॅकर्लेचं थोबाड घुसवायचं, ही कुठली कला? क्लीव्हलँडचा होस्ट घूलार्डी ऐन भीतीच्या जागी पोल्का, म्हणजे पूर्व युरोपातलं नाचाचं संगीत, वाजवायचा. थेटरात शेजारी कुणी असं केलं असतं तर डोअरकीपरला बोलावलं असतं. आणि सुरुवात १९५७ला? होस्ट व्हॅम्पायरा, म्हणजे माइला नुर्मी, लॉस एंजेलिस, १९५४. जरा वाचत चला.

निशाचर: वाचलंय हो. पुढच्याच वर्षी तिचा कार्यक्रम बंद पडला, हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत. गावोगावी भुतं उठली ती 'शॉक'मुळे. आणि घूलार्डी स्वतःच सांगायचा, पिक्चर भिकार आहे, झोपा. एवढा प्रामाणिक समीक्षक दाखवा आज.

पार्माकर: वीस वर्षं पार्मात राहतोय, म्हणून बोलतो. क्लीव्हलँडला लागून असलेलं आमचं हे गाव म्हणजे घूलार्डीचं हक्काचं गिऱ्हाईक. पांढरे मोजे, पोल्का, अंगणातले गुलाबी फ्लेमिंगो, म्हणजे पूर्व युरोपातून आलेल्या कष्टकऱ्यांची टिंगल. माझ्या शेजारच्या युक्रेनियन आजी १९६३ला, घूलार्डीच्या काळात, शाळेत होत्या. अजून पांढरे मोजे घालत नाहीत. हसा आता.

वऱ्हाडी_ठेचा: म्हणजे त्यांची सदाशिव पेठच म्हणा की.

पेठकरीण: आलंच! धागा अमेरिकेचा, पण पुण्याला चिमटा काढल्याशिवाय घास उतरत नाही. माझ्या सासऱ्यांनी जन्मात एकच पाटी लावली, 'बेल बिघडली आहे'. ती खरंच बिघडली होती. तिचेसुद्धा लोक फोटो काढून नेत.

वऱ्हाडी_ठेचा: किती वर्षं बिघडली होती?

पेठकरीण: अकरा. मुद्दा तो नाही.

पार्माकर: मी आजींचं दुखणं सांगतोय आणि इथं बेल चाललीय.

पेठकरीण: चालत नव्हती, तेच तर सांगतेय! आणि आजींना जे वाटतं तेच आम्हाला वाटतं, फक्त आम्ही मोजे सोडले नाहीत.

शिस्तीतला_प्रेक्षक: धाग्याचा चिवडा झाला. मूळ प्रश्न: होस्टनं पिक्चरमध्ये लुडबुड करावी का?

रातराणी: इतके दिवस नुसती वाचत होते. शिकागोत नवीन होते तेव्हा नवरा रात्रपाळीला, शनिवारी घरात मी एकटी. टीव्हीवर स्वेनगूली लागायचा, रंगवलेला चेहरा, पांचट विनोद, मग अंगावर रबरी कोंबड्या. तोही 'बर्विन' या उपनगराच्या नावानं ओरडायचा, का ते मला कळायचं नाही. भुताचा पिक्चर एकटीनं बघायची माझी छाती नव्हती. हा बाबा मध्ये येऊन काहीतरी बरळायचा, म्हणून पुढचा भाग बघू शकले. तुमचं थेटर भरलेलं असतं हो, घर नसतं.

निशाचर: हेच. मला असं लिहिता आलं नाही.

शिस्तीतला_प्रेक्षक: ठीक. घरी एकट्या बसलेल्यांना सवलत दिली. पण ब्रेकमध्ये यावं, पिक्चरच्या आत पाय ठेवू नये. आणि पोल्का कदापि नाही.

पार्माकर: पोल्काला काय झालं? शनिवारी आमच्याकडे अजून नाचतात.

वऱ्हाडी_ठेचा: ते असो. अकरा वर्षांत एक वायरमन सापडला नाही?