रिटॉर्टनंतर पाऊचचे थर का सुटतात?

प्रश्न (लघुउद्योजिका, भांडुप)

नमस्कार. आमचा तयार खाद्यपदार्थांचा लहान कारखाना आहे. सोललेले कडवे वाल, ओले खोबरे आणि सढळ तेल घातलेली डाळिंबी उसळ आम्हांला रिटॉर्ट पाऊचमध्ये, म्हणजे सील करून रिटॉर्ट या दाबपात्रात वाफेने निर्जंतुक करायच्या पिशवीत, भरून विकायची आहे. सध्याचे उभे राहणारे पाऊच १२ मायक्रॉन पॉलिएस्टर, ९ मायक्रॉन ॲल्युमिनियम फॉइल आणि ७० मायक्रॉन सीपीपी (कास्ट पॉलिप्रॉपिलीन, आतला सील होणारा थर) अशा तीन थरांचे आहेत. १२१ अंश सेल्सिअसला प्रक्रिया केल्यानंतर काही पाऊचमध्ये फॉइल आणि सीपीपी यांच्यामध्ये फुगवटे येतात व साठवणीत ते वाढत जातात. काहींचे सील तळाच्या घडीजवळ उघडते. सीपीपी जाड केल्यास दोन्ही तक्रारी मिटतील, असे पुरवठादार म्हणतात. हे योग्य आहे का? आणि पदार्थ बाहेरून दिसावा म्हणून फॉइल वगळता येईल का?

प्रतिसाद १ (लॅमिनेशन अभियंता)

नुसता थर जाड करून हे सुटेल असे मला वाटत नाही, कारण ही दोन स्वतंत्र दुखणी आहेत. पॉलिएस्टर आणि फॉइल एकमेकांपासून सुटले असते तर मी आधी शाईकडे बोट दाखवले असते, कारण छपाई तिथेच असते आणि साधी शाई या तापमानाला टिकत नाही. आपल्याकडे मात्र फॉइल व सीपीपी सुटत आहेत आणि फुगवटे नंतरही वाढत आहेत. तेव्हा तेल आणि मसाल्यांतील घटक सीपीपीतून झिरपून थर जोडणाऱ्या ॲडहेसिव्हपर्यंत (चिकटद्रव्यापर्यंत) पोहोचतात आणि अर्धवट पक्व झालेले ॲडहेसिव्ह तिथे हार खाते, ही शक्यता सर्वांत मोठी आहे.

पुरवठादाराला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: ॲडहेसिव्ह रिटॉर्टसाठीचे दोन घटकांचे पॉलियुरेथेन आहे का, सुकल्यावर त्याचे वजन चौरस मीटरला किती ग्रॅम भरते (साधारण ४ ते ५ असावे), आणि ॲडहेसिव्ह पक्व होण्यासाठी रोल उबदार खोलीत किती दिवस ठेवले, म्हणजे क्युअर केले. ऑर्डरच्या घाईत हे क्युअरिंगच सर्वांत आधी कापले जाते, असा माझा अनुभव आहे. मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एक अडचण असते: हवेतील आणि सॉल्व्हंटमधील ओलावा हार्डनरशी (ॲडहेसिव्हला घट्ट करणाऱ्या घटकाशी) अभिक्रिया करतो, त्यामुळे मिश्रणाचे प्रमाण कागदावर बरोबर असूनही प्रत्यक्षात हार्डनर कमी पडतो.

चाचणी पाणी भरून करू नये. आपलीच उसळ भरून रिटॉर्ट करावी आणि १५ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून थरांची पकड प्रक्रियेपूर्वी, लगेच नंतर आणि काही आठवड्यांनी मोजावी.

प्रतिसाद २ (रिटॉर्ट प्रक्रिया पर्यवेक्षक)

सील उघडण्याबाबत मी पाऊचपेक्षा आधी रिटॉर्टचा दाबाचा आलेख पाहीन. शीतकरणाचे पाणी सुरू होताच बाहेरची वाफ क्षणात निवते आणि दाब कोसळतो, पण पाऊचमधील पदार्थ अजून शंभर अंशांच्या वर असल्यामुळे आतली वाफ आणि उरलेली हवा सीलवर जोर देतात. त्या वेळी संकुचित हवेने प्रतिदाब टिकवला नाही, तर कितीही महाग पाऊच फुटेल. भरताना आत राहिलेली हवा जितकी कमी, तितका हा ताण कमी. उभ्या पाऊचच्या तळघडीशी चार पदरांचे दोन पदर होतात, म्हणून ती जागाच प्रथम सुटते. तिथे सीलिंग बारचा दाब तपासावा आणि वरच्या सीलवर तेलाचा थेंबही राहू देऊ नये. जपानच्या नियमांत अशा सीलसाठी १५ मिलिमीटरमागे किमान २३ न्यूटन बल अपेक्षित आहे. ते मोजमाप धरून चालावे.

प्रतिदाब सुधारताना वेळ व तापमान कमी करण्याचा मोह मात्र टाळावा. ही उसळ कमी आम्लाची आहे, त्यामुळे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवघेणे विष तयार करणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंचा विचार करून पाऊचच्या सर्वांत उशिरा तापणाऱ्या बिंदूला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावूनच एफ-शून्य मूल्य (१२१ अंशांच्या तोडीची उष्णता किती मिनिटे मिळाली याचे माप) ठरवावे.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. प्रतिदाब हाताने सोडला जातो, त्याची नोंद आम्ही ठेवत नाही. ती आता सुरू करू. पारदर्शक पाऊचबद्दल कोणी सांगेल का?

प्रतिसाद ३ (पॅकेजिंग सल्लागार, अंधेरी)

फॉइल वगळून पारदर्शक पाऊच करता येतो, पण आपल्या पदार्थासाठी मी सुचवणार नाही. ईव्हीओएच (ऑक्सिजन अडवणारे पारदर्शक प्लास्टिक) वापरले तर रिटॉर्टमध्ये ते पाणी शोषते आणि ऑक्सिजन अडवण्याची त्याची क्षमता नेमकी सुरुवातीच्या दिवसांत ढासळते. ती हळूहळू सावरते, परंतु पूर्ण नाही. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा लेप दिलेले पॉलिएस्टर अधिक चांगले, मात्र पाऊच सारखा दुमडला की लेपाला सूक्ष्म तडे जातात. शिवाय खोबऱ्याला खवटपणा लवकर येतो, आणि पारदर्शक थर प्रकाशही आत सोडतो. वर्षभराची टिकवण हवी असेल, तर फॉइल ठेवून त्याच्या आणि सीपीपीच्या मध्ये १५ मायक्रॉन नायलॉन घालावे. त्याने खर्च वाढेल, पण घड्यांपाशी फॉइल फाटणे कमी होईल.

नव्या रचनेची एकूण स्थलांतर चाचणी (पाऊचमधून पदार्थात किती घटक उतरतात याची) करून घ्यावी. एफएसएसएआयच्या (भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या) २०१८च्या पॅकेजिंग नियमांत मर्यादा प्रति किलो ६० मिलिग्रॅम किंवा प्रति चौरस डेसिमीटर १० मिलिग्रॅम आहे. अशा कामाच्या सल्ल्यासाठी अंधेरीची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग आपल्याला जवळच आहे. नमुने देताना रिटॉर्ट केलेले आणि न केलेले दोन्ही द्यावेत.