पूर बघायला गेलेले दिवस: तुमच्या आठवणी सांगा

कृष्णाकाठचा
काल पुण्यात खडकवासला धरणातून पाणी सोडलं, नदीपात्रातला भिडे पूल बंद झाला. मुलगा ७ वर्षांचा. खिडकीत उभा राहून म्हणाला, "बाबा, नदी बघायला जाऊया की." तेवढ्यानं मला सांगली आठवली आणि रात्रभर झोप नाही.

पूर बघायला जाणं हा आमच्या घरचा ठरलेला कार्यक्रम. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तीन-चार दिवस झड लागलेली, शाळेला सुट्टी, घरभर दोऱ्यांवर ओले कपडे. बाबा कामावरून आले की चपला न काढता दारातूनच हाक मारायचे, "चला, पाणी चढलंय." स्कूटरवर चौघं. मी पुढं उभा, ताई मधे, आई मागं, तिच्या मांडीवर नारळाची पिशवी. जायचो ते कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडं, पूल १९२९ सालचा. तिथं पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका. पाढ्यांच्या आधी मला हे पाठ होतं.

पाणी दुधाच्या चहासारखं. भोपळे, कडब्याच्या पेंढ्या, मुळासकट बाभळ वाहत यायची. एकदा लाकडी पाळणा आला. ताई रडायलाच लागली, त्यात बाळ असेल म्हणून. बाबांनी तिला उचलून घेतलं, म्हणाले, "रिकामा आहे, मी बघितला." आई कृष्णामाईची ओटी भरायची, खण, नारळ, हळदकुंकू. आणि हात जोडून म्हणायची, "आता उतर गं माई."

तुमच्या गावाकडं कसं होतं? लिहा.

पंचगंगाघाट
आमच्यात राजाराम बंधारा. ३९ इशारा, ४३ धोका. पावसाळ्यात कोल्हापुरात कोण कुणाला भेटला की पहिला प्रश्न "किती फूट?" मग तब्येत वगैरे.
आजोबांची भाषा वेगळी. ते फूट कधी बोलायचे नाहीत. शिवाजी पुलाला पाणी ठराविक ठिकाणी टेकलं की "मच्छिंद्री झाली", आणि पन्हाळ्याच्या बाजूला शेतात पाणी पसरलं की "रेडेडोह फुटला". मग आम्हाला घेऊन निघायचे, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात आम्ही दोन नातवंडं. आजोबा गेले त्याला १२ वर्षं झाली. अजूनही रेडेडोह फुटल्याची बातमी आली की घरात सगळे क्षणभर गप्प होतो.

गोदाकाठ
नाशिककरांचं मोजमाप म्हणजे गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती!! गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की मामाचा फोन यायचा, "मारुतीच्या कमरेला लागलंय, पोरांना घेऊन या." बास, निघालो. गर्दी एवढी की मामीनं आम्हा पाच जणांच्या मनगटांना एकच ओढणी बांधली होती. कुकरची शिट्टी झाली, नंतर लिहिते

भडंगवाली
धागा वाचून तोंडाला पाणी सुटलं. पूर बघायला जाताना आमच्या आईच्या डब्यात भडंग असायचंच. ओल्या हवेत सादळायचं, तरी तेच हवं.

वाडीची नात
नरसोबाच्या वाडीला कुणी गेलंय का पुरात? कृष्णेचं पाणी दत्ताच्या देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडतं. दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या पाण्यात स्नान करायला लांबलांबून माणसं येतात. आजी मला एसटीनं घेऊन गेली होती, मी चौथीत. पहाटेचा अंधार, कमरेएवढं पाणी, आजीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलेलं की बांगडीचा वळ उठला. पाणी बर्फासारखं गार. आजी काहीतरी पुटपुटत रडत होती, मला वाटलं थंडीनं. त्याच वर्षी काका गेले होते, हे मला फार उशिरा कळलं.

कृष्णाकाठचा
@वाडीची नात वाचून गलबललं.

वाशिष्ठी
मी चिपळूणची. सगळ्यांचं वाचलं, छान लिहिताय. पण मी आता पूर बघायला जात नाही.
लहानपणी जायचो, बाबा बाजारपुलावर न्यायचे. २२ जुलै २०२१ ला पहाटे आईनं उठवलं तेव्हा पाणी जिन्याच्या दुसऱ्या पायरीला होतं. बाबा टॉर्च मारून पायऱ्या मोजत होते. वाशिष्ठी भरलेली, शिवनदी भरलेली, त्यात भरती, पाण्याला जायला वाटच नाही. अकराव्या पायरीवर थांबलं. तोवर बाबा एक शब्द बोलले नव्हते. नंतर पंधरा दिवस चिखल काढत होतो. कपाटातले लग्नाचे फोटो एकमेकांना चिकटून त्यांचा दगड झाला होता.

पंचगंगाघाट
ताई, काय लिहू. २०१९ ला आमच्याकडंही तेच. चिखलाचा तो वास अजून नाकात आहे.

गोदाकाठ
फोटोंचं वाचून कसंतरी झालं गं. माहेरच्या कुणाकडे दुसऱ्या प्रती असतील तर मागवून घे. माझ्या जावेनं असाच अख्खा अल्बम परत जमवला, तिला दीड वर्ष लागलं.

वाशिष्ठी
@गोदाकाठ मावशीकडे नऊ फोटो मिळाले. आई रोज बघते.

पेठकर
आमच्या आजीनं १२ जुलै १९६१ बघितला. पानशेत धरण फुटून पुण्यात पाणी शिरलं तो दिवस. ती नदीचा विषय निघाला की उठून आत जायची. आम्ही पूर बघायला निघालो की दारात आडवी उभी राहायची, आम्हाला राग यायचा. आता मी माझ्या मुलांपुढे तशीच उभी राहते.

महाडकर
एक कळकळीची विनंती. बघायचं तर काठावरून, उंचावरून बघा. पुलावर थांबू नका. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री आमचा सावित्रीचा जुना पूल दोन एसट्यांसकट गेला. आदल्याच रविवारी आम्ही चौघं त्यावर गाडी थांबवून पाणी बघत उभे होतो.

भडंगवाली
बाप रे. अंगावर काटा आला.

सासवडची
भडंगाची कृती द्या ना कुणीतरी. माझं नेहमी मऊ पडतं.

कृष्णाकाठचा
@महाडकर अगदी बरोबर. आम्ही काल पुलावर गेलो नाही, लांब गल्लीच्या तोंडाशी उभे राहिलो. मुलगा हिरमुसला, पण थांबला.

अजून एक सांगायचंय. ऑगस्ट २०१९ ला आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या घरात छातीएवढं होतं. बाबांनी नंतर भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली, खाली तारीख लिहिली. रंगकाम केलं तरी तेवढी जागा सोडायला लावतात.

काल रात्री त्यांना फोन केला. आधी "तिकडं पाणी कितीला आहे?" मग मी पाळण्याचं विचारलं, एवढ्या लांबून रिकामा कसा दिसला तुम्हाला? बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दिसला नव्हता रे. तुझी ताई रडत होती ना."

वाडीची नात
🙏

पंचगंगाघाट
ताईला सांगितलंस का?

कृष्णाकाठचा
नाही. धीर होत नाही. तिला वाटतं बाबांची नजर फार तीक्ष्ण.

भडंगवाली
@सासवडची चुरमुरे आधी उन्हात वाळव, ऊन नसेल तर कढईत कोरडे भाज मंद आचेवर. लसूण सालासकट ठेच, तेलात तांबूस होऊ दे, शेंगदाणे, कढीपत्ता, हळद. तिखट गॅस बंद केल्यावरच घाल, नाहीतर करपतं. शेवटी मीठ, चिमूटभर पिठीसाखर. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा लावू नकोस.