खिडक्या बंद असूनही शेजारच्या सिगारेटचा वास घरात येतो, काय करता येईल?

खिडकीपाशी:
बेडरूममध्ये आणि सिंकखालच्या कपाटात वास येतो, बाथरूमचा एक्झॉस्ट लावला की अजूनच वाढतो. घरात लहान बाळ आहे म्हणून फार काळजी वाटते. मधली भिंत तर व्यवस्थित दिसतेय, मग हवा येते कुठून? सिलिकॉन मारून भागेल का?

साइटवरचा:
प्लास्टर केलेल्या भिंतीतून हवा फारशी येत नाही हो, भोकांतून येते. सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथलं भोक पाइपपेक्षा मोठं पाडलेलं असतं आणि वरची स्टीलची चकती ते नुसतं झाकते, ती सरकवून बघा. मग स्विचबोर्डचे बॉक्स, बाथरूमची शाफ्ट (पाइप वर-खाली जातात ती उभी पोकळी), आणि फॉल्स सीलिंगच्या वर तर नक्की बघा, बऱ्याचदा भिंत स्लॅबला नीट भिडवलेलीच नसते. एक्झॉस्ट घरातली हवा बाहेर फेकतो, आत दाब कमी होतो आणि मग जिथून मिळेल तिथून हवा आत ओढली जाते, शेजारच्या घरातूनही. त्याचाच उपयोग करा, दारं-खिडक्या लावून एक्झॉस्ट फुल ठेवा आणि टिश्यूची पातळ पट्टी प्रत्येक फटीपाशी धरा, पट्टी आत हलली की जागा सापडली.

चौथा मजला:
वास शेजारचाच आहे ना, की खालचा? थंडीत घरातली गरम हवा शाफ्टमधून वर चढते त्यामुळे खालच्या घरातला धूर वर येतो. आणि कृपया साधा पीयू फोम (फटीत फुगणारा पॉलियुरेथेनचा फेस) भरू नका, तो जळतो! दोन घरांमधली भिंत आग अडवायलाही असते, त्यामुळे फायर-रेटेड, म्हणजे आगीत टिकणारं सीलंटच घ्या, भोक मोठं असेल तर आधी रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) भरा. बोर्ड उघडायच्या आधी मेन बंद.

खिडकीपाशी:
खूप आभार दोघांचे! हे मोजता येतं का?

साइटवरचा:
येतं, ब्लोअर डोअर टेस्टने. दारात पंखा बसवून ५० पास्कलचा दाबफरक ठेवतात, पण त्यात बाहेरची गळतीही मोजली जाते. म्हणून शेजारच्या घरातही तसाच पंखा लावून दाब सारखा करतात, मग आकडा जेवढा उतरला तेवढी गळती शेजारची. रिकाम्या फ्लॅटमध्ये सीलंटचे बारीक थेंब हवेत सोडून दाबाखाली फटी बुजवायची पद्धतही आहे पण राहत्या घरात ते अवघडच, सामान झाकावं लागतं आणि सगळ्यांना बाहेर पडावं लागतं. तुम्ही हातानेच करा. फक्त घरात गॅस गीझर असेल तर एक्झॉस्ट चालू असताना ताजी हवा यायला ठरलेली वाट ठेवा, नाहीतर जळलेला वायू उलटा घरात येऊ शकतो आणि बाळ असताना हे अजिबात अंगावर काढू नका.