अंगावर आलेला ऑर्केस्ट्रा : तुमचे अनुभव सांगा

वडगावचा_धोटा

काल दुपारी गल्लीतला करंट गेला. मागाच्या गल्लीत राहिलेल्यालाच यातलं कळेल. यंत्रमाग दिवसभर कानाशी खडखडत असतात तेव्हा त्यांचा आवाज ऐकूच येत नाही. बंद पडले की मात्र कानात गुंऽऽ होतं. काल आधी आमच्या ओळीतले गप्प झाले, मग मागच्या बोळातले दोन-चार फटके मारून थांबले. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू आली आणि मला एकदम 2003 ची दिवाळी आठवली.

तेव्हा मी पुण्यात शिकत होतो. रूममेटकडं एक सीडी होती, ती घरी घेऊन आलो. क्षिश्तोफ पेंडेरेत्स्की म्हणून पोलंडचा संगीतकार, त्याची 1960 ची रचना, हिरोशिमाच्या बळींसाठी शोकगीत. फक्त तंतुवाद्यं, 52. सुरुवातीलाच सगळे आपापल्या वाद्यावर जमेल तितक्या वरच्या सुरात किंचाळतात. बाबा सोप्यात पेपर वाचत बसले होते. मी लावलं, आणि दहा सेकंदांत ते उठले, चपलेत पाय घातला. "कुणाचा तरी धोटा अडकलाय. जा पळ, मोटार बंद करायला सांग." (धोटा म्हणजे मागात आडवा धागा घेऊन ये-जा करणारा तुकडा.)

बाबांचा कान तसा होता. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या गल्लीत किती माग चालू आहेत ते सांगायचे, आणि त्यातला कुठला उद्या मोडणार तेही.

हे संगीत आहे म्हटल्यावर हसले. मग नाव सांगितलं. त्यावर चप्पल काढली, खाली बसले, गुडघ्यावर हात ठेवून सगळं ऐकलं, साडेआठ-नऊ मिनिटं. शेवटी सगळी 52 वाद्यं एकदम वाजतात, प्रत्येकाचा सूर वेगळा, आणि तो ढीग अर्धा मिनिट विरत जातो. कालचा करंट गेला तसा. बाबा म्हणाले, "परत लाव."

तुमच्यापैकी कुणी असलं काही ऐकलंय? आवडलं-नावडलं राहू दे. ऐकताना काय झालं ते लिहा.

निपाणीची_तपकीर

पहिला नंबर! शीर्षक वाचून वाटलं गणपतीतला ऑर्केस्ट्रा. किशोरकुमारचा आवाज काढणारा एक, आणि 'ताईंसाठी पुढचं गाणं' म्हणणारा निवेदक. अंगावर तोही येतो, स्पीकरसमोर बसलं तर.

तुम्ही लिहिलेलं आत्ता वखारीत लावून बघितलं. तंबाखूच्या वखारीत तसं पण कोण ना कोण शिंकत असतंय. पहिल्या मिनिटाला हमाल म्हणाला, मालक, मोबाईल पडला काय पाण्यात?

फाउंड्रीवाला_अण्णा

माझं बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत आयुष्य गेलं, आवाजाचं मला कौतुक नाही. तरी सांगतो.

2011 ला कंपनीनं सहा आठवडे जर्मनीला धाडलं, मशीनच्या ट्रेनिंगला. तिथला सुपरवायझर रिटायरमेंटला आलेला, भला माणूस. एका शनिवारी म्हणाला, चल, तुला एक गंमत दाखवतो. मी आपला आईनं विणलेला स्वेटर घालून गेलो. आत बघतो तर स्टेजच नाही! मधोमध कंडक्टर, भोवती गोलात खुर्च्या, आणि वादक आमच्यातच विखरून बसलेले. माझ्या डाव्या हाताला बासूनवाला (बासून म्हणजे लांब फुंकवाद्य), पुढं एक व्हायोलिनवाली. मला वाटलं चुकून त्यांच्यात बसलो, उठायलाच लागलो होतो.

झेनाकिस नावाच्या ग्रीक माणसाचं होतं ते, 1966 सालचं, 'तेरेतेक्तोर'. 88 वादक. प्रत्येकाकडं स्वतःचं वाद्य, आणि वर खुळखुळा, लाकडी ठोकळा, शिट्टी, शिवाय चाबकाचा आवाज काढायच्या दोन पट्ट्या. आवाज एका कोपऱ्यात उठतो आणि माणसामाणसांतनं फिरत हॉलला गोल चक्कर मारून तुमच्या मानेमागं येतो. शॉपमध्ये डोक्यावरनं क्रेनचा हुक गेला की मान आपोआप खाली जाते. तशी माझी मान गेली. दोनदा. दुसऱ्या वेळी बासूनवाल्यानं बघितलं, आणि तोंडात वाद्य धरूनच डोळा मारला.

घाबरलो म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि दिवसभर मी रस्त्यावर मागं वळून बघत होतो.

नंतर कळलं की हा झेनाकिस मूळचा इंजिनिअर. चंदीगड आखणाऱ्या ल कॉर्बुझिएच्या ऑफिसात कामाला होता. तेव्हा जरा बरं वाटलं, आपलाच माणूस.

तीन_नंबरची_आई

लिगेटी या संगीतकाराचं 'आत्मोस्फेर'. ताल नाही, चाल नाही, नुसता आवाजाचा ढग. 1961 चं, कुब्रिकच्या अंतराळाच्या सिनेमात पण आहे. मी लावलं आणि मला पोटात कसंतरी व्हायला लागलं. मांडीवरचं बाळ मात्र दोन मिनिटांत झोपलं. त्या दिवसापासून रोज लावते. नवरा म्हणतो घर आहे का रॉकेट.

खानापूरचा_पाऊस

गेल्या पावसाळ्यात मी आईला घरी आणलो होतो. कणकुंबीकडं पावसात एकटी ठेवायला नको म्हणून. आईचं वय ऐंशीच्या वर. जात्यावरच्या ओव्या तिला इतक्या येतात की दळण संपायचं, ओव्या नाही.

संध्याकाळी मी भाकऱ्या थापूलालो होतो, फोन फळीवर. कसलंसं व्हायोलिन लावलेलं ते संपलं आणि आपोआप दुसरं सुरू झालं. खालनं, अगदी खालनं वर येणारं, लई सावकाश. मग एक बाई गायला लागली. शब्द कळत नव्हते. आई चुलीजवळ बसलेली. म्हणाली, "कुणाच्या घरचं गेलं गं?"

नंतर शोधलो. पोलंडच्याच गुरेत्स्कीची तिसरी सिंफनी, 1976 ची, शोकगीतांची. 1992 ला तिची नवी रेकॉर्ड आली आणि दहा लाखांवर खपली म्हणे. मधल्या भागातले शब्द एका अठरा वर्षांच्या पोरीचे. 1944 ला ती गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या कोठडीत होती, तिथं भिंतीवर लिहिलेले. आई, रडू नको, असे.

दुसऱ्या दिवशी आईला सांगितलो. पोरगीच आईला सांगूलालीय, रडू नको म्हणून. आई म्हणाली, "असं म्हटल्यावर आई रडणारच की."

भाकरी करपली त्या दिवशी. दोन.

पेठेतला_पाहुणा

खानापूरचा पाऊस, सुंदर लिहिलंय. पण एक विचारू का? तुम्ही ताई की दादा? भाकऱ्या 'थापूलालो', 'आणलो', गोंधळ झाला माझा.

खानापूरचा_पाऊस

ताई. आमच्याकडं बायका पण आलो-गेलोच म्हणतात.

कपिलेश्वर_बोळ

पुण्याच्या मावशीकडं गेलो की माझी बहीण पहिले दोन दिवस तोंडच उघडत नाही यामुळं. तिसऱ्या दिवशी भूक लागली की "मी जेवतो" म्हणते आणि सगळे हसतात.

पेठेतला_पाहुणा

क्षमस्व! आणि धन्यवाद. तुमच्या बेळगावची मिठाई, कुंदा, कुठला चांगला हेही सांगून टाका, पुढच्या महिन्यात येतोय.

कपिलेश्वर_बोळ

त्यावर वेगळा धागा काढा, इथं मारामाऱ्या होतील.

क्लॅरिनेट_रिटायर्ड

मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरच्या बँडमध्ये 22 वर्षं काढली. आता कॅम्पात नातवंडं सांभाळतो. वडगावकरांनी ज्या शोकगीताबद्दल लिहिलंय त्याचं स्वरलेखन मी कंप्युटरवर पाहिलं आहे. पाहून पहिल्यांदा हसू आलं. नेहमीच्या मात्रा नाहीत, खाली सेकंद लिहिलेले. काळा त्रिकोण म्हणजे वाद्यातला सगळ्यात वरचा सूर, कुठला का असेना. जाड काळे पट्टे म्हणजे सूर एकमेकाला चिकटवून सगळ्यांनी एकदम धरायचे. काही ठिकाणी गज घोडीच्या (तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या) पलीकडं, तारा बांधलेल्या बाजूला ओढायचा. काही ठिकाणी लाकडावर बोटं आपटायची.

लोक म्हणतात गोंगाट. बँडमध्ये नव्या भरतीच्या दोन पोरांची वाद्यं जराशी बेसूर असली की मधून वूंवूंवूं असा आवाज फिरतो. आमचे बँडमास्टर त्यावर शिव्या घालायचे. या माणसानं तोच वूंवूं हिशेबानं लिहून काढलाय, पाव-पाव सुराचा. शेजाऱ्याचा सूर कानात घुसत असताना आपला धरून ठेवायचा. वाजवणाऱ्याला विचारा.

माझ्यावर काय परिणाम झाला म्हणाल तर, उजव्या कानात मशीन आहे. वरचे सूर लागले तशी मशीननं पण शिट्टी धरली. मशीन कुठलं आणि पोलंड कुठलं, समजेना. ते काढून ठेवून नुसत्या डाव्या कानानं पुन्हा ऐकलं. डाव्या कानानं जास्त वाईट वाटलं.

आणखी एक. त्या रचनेचं पहिलं नाव हिरोशिमा नव्हतं. नुसतं '8 मिनिटं 37 सेकंद' होतं. प्रत्यक्ष वाजलेलं ऐकल्यावर त्यानं हे नाव जोडलं.

ख्यालप्रेमी_शहापूर

स्पष्ट लिहितो, राग नसावा. मी रामभाऊ विजापुरे यांची पेटी समोर बसून ऐकलेला माणूस. कुमार गंधर्व जन्मले ते सुळेभावी इथनं हाकेच्या अंतरावर. एक षड्ज लागला की पुरे, अशा मातीत हे कशाला? भाच्यानं मोठ्या स्पीकरवर ऐकवलं होतं. तिसऱ्या मिनिटाला उठून बाहेर गेलो, जोड्यात पाय घातले. आणि संपेपर्यंत दारातच उभा राहिलो. आवडलं म्हणून नव्हे. थांबतंय कधी ते बघायला.

तीन_नंबरची_आई

काका, दारातनं ऐकलं तरी ऐकलंच की ओ.

ख्यालप्रेमी_शहापूर

ऐकू येणं वेगळं, ऐकणं वेगळं.

निपाणीची_तपकीर

1913 ला पॅरिसला स्ट्राविन्स्की या रशियन संगीतकाराच्या बॅलेच्या पहिल्याच खेळाला लोकांनी एवढी हुर्यो केली की नाचणाऱ्यांना वाद्यं ऐकू येईनात. काका, तुम्ही निदान गपचूप जोडे घातले.

अथणीकर

आमच्याकडं घर कन्नड, शेजार मराठी, शिव्या दोन्ही. मी झेनाकिसचंच दुसरं ऐकलंय, 'मेतास्तासिस', 1954 चं. त्यात व्हायोलिनं एकाच सुरातनं निघतात आणि प्रत्येकजण आपल्या वेगानं घसरत वेगळीकडं जातो. ऐकून मला थेट सौंदत्ती आठवली. यल्लम्माच्या जत्रेत जोगत्यांचं चौंडकं असतं ना, एकच तार, ती ताणली-सैल केली की सूर कसा रबरासारखा वर-खाली जातो. लहान असताना त्या आवाजाला मी आजीच्या पदरात तोंड घालायचो. व्हायोलिनं घसरायला लागली आणि चाळिशीचा माणूस मी, हाताला पदर शोधूलालो.

सोबत कन्नड मित्र होता. त्यानं अर्ध्या मिनिटात "साकप्पा, साकु!" (बास बाबा, बास!) म्हणून हेडफोन काढला. मग दोन दिवसांनी फोन करून विचारतो, त्याचं नाव काय होतं रे?

फाउंड्रीवाला_अण्णा

अथणीकर, त्यानं त्या घसरणाऱ्या सुरांच्या रेघा चक्क ड्रॉइंगसारख्या कागदावर आखल्या होत्या. सरळ रेघांतनं वक्र पृष्ठभाग. 1958 ला ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात त्याच कल्पनेवर फिलिप्स कंपनीची अख्खी इमारत उभी केली. म्हटलं ना, आपला माणूस.

वडगावचा_धोटा

सकाळपासून तीनदा वाचलं सगळं. मधे मागावर बीम जोडणी, म्हणजे नव्या ताण्याचे धागे जोडणं, चालू होती म्हणून लिहिलो नाही.

क्लॅरिनेटकाका, नावाचं मला माहीत नव्हतं. आता जिवाला लागून राहिलंय. म्हणजे बाबा खाली बसले ते संगीताला की मी सांगितलेल्या नावाला? '8 मिनिटं 37 सेकंद' म्हटलं असतं तर पेपर वाचत बसले असते काय?

क्लॅरिनेट_रिटायर्ड

नाव सांगायच्या आधीच ते चप्पल घालून उठले होते. तुम्हीच लिहिलंय.

खानापूरचा_पाऊस

दुसऱ्यांदा लावलं तेव्हा काय म्हणाले बाबा? ते लिहिलंच नाहीत.

वडगावचा_धोटा

डोळे मिटून बसले होते. बोटं हलत होती, मला वाटलं जप करतायत. संपल्यावर म्हणाले, "बावन्न म्हणतोस? मला चाळीसच लागले. बाकीचे नुसते बसून पगार घेतात."

फाउंड्रीवाला_अण्णा

😂😂 हे आमच्या कंपनीत पाठवायला पाहिजे.

क्लॅरिनेट_रिटायर्ड

बँडमध्ये सुद्धा असायचे असे. नावं सांगत नाही, जिवंत आहेत.

पेठेतला_पाहुणा

कुंद्याचं राहिलंच.

वडगावचा_धोटा

गल्लीत या, मी घेऊन ठेवतो. फक्त येताना फोन करून ओरडा, माग चालू असले तर दार वाजवलेलं ऐकू येत नाही.

खानापूरचा_पाऊस

इकडं परत करंट गेला. फोन चार टक्के. आई म्हणूलालीय, ती बाई लाव.