धपाट्यात मेथी लपवू नका, दिसू द्या

लेकरू भाजी-भाकरी खात नाही म्हणून भाजी मिक्सरला फिरवून पिठात लपवायची, ही कुणीतरी दिलेली युक्ती मला अर्धीच पटली. पोरगं खातं खरं, पण भाजी ओळखत नाही. आमच्या लातूरकडं धपाट्यात मेथी उघड असते. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन अन् कणीक, तीळ, ओवा, लसूण. मिरची पोरांपुरती कमी. मेथी निवडायला लेकराला सोबत बसवा. ओल्या फडक्यावर थापलेल्या धपाट्याला मधोमध भोकं पाडायचं काम त्याचंच. आपण भोकं पाडलेलं धपाटं दह्यासोबत बरोबर संपतं!

भाकरी नको म्हणत असेल तर गरम पापुद्र्यावर तूप अन् शेंगदाण्याचं कूट, नाहीतर वरणात कुस्करून.

नवी भाजी चमचाभरच वाढा, आग्रह नको. आवडायला 10-15 वेळा ताटात यावी लागते कधीकधी.

खरी गोम मात्र जेवणाआधीच्या दूध-बिस्किटांत आहे. मग भूक लागणार कुठून? शिवाय दूधच जास्त झालं तर लोह कमी पडतं. आमच्यात पुडा फोडणारी आजीच असते, तेव्हा आधी तिला पटवा. ते जास्त अवघड आहे.