स्पॅनिशमधलं ‘एचार’ इंग्रजीत कसं आणावं? जाणकारांचा सल्ला हवा

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. स्पॅनिशवरून इंग्रजीत भाषांतर करणारं इथं कुणी असेल तर मदत हवी आहे.

सध्या हातात असलेलं काम मला फार जवळचं वाटतंय. स्पेनच्या दक्षिणेला आंदालुसिया आहे, त्यातला हाएन हा भाग ऑलिव्हच्या तेलासाठी जगभर ओळखला जातो. तिथं हिवाळ्यात ऑलिव्हच्या तोडणीला जाणाऱ्या, आता थकलेल्या बायकांच्या मुलाखती एका संस्थेनं ध्वनिमुद्रित केल्यात. त्या कागदावर उतरवून माझ्याकडं आल्यात. लांब काठीनं फांद्या झोडपायच्या, खाली अंथरलेल्या कापडावर पडलेली फळं गोळा करायची, टोपल्या भरून वाहायच्या, संध्याकाळी घरी येऊन पुन्हा चूल. वाचताना आपल्याकडच्या ऊसतोडीच्या बायकाच बोलताहेत असं वाटतं.

अडचण एका क्रियापदाची आहे. एचार. मूळ अर्थ टाकणं, फेकणं. पण या बायका रोजानं जायच्या तेव्हा ‘एचार एल होर्नाल’, हरभरे भिजत घालायच्या तेव्हा ‘एचार एन रेमोहो’, मालकानं मळ्यावरून हाकललं तरी एचार, दुपारी जरा आडवं व्हायचं तरी एचार, रडू फुटलं तरी एचार. आणि वारलेल्या बहिणीची आठवण येते तिथंही ‘एचार दे मेनोस’.

इंग्रजीत प्रत्येक ठिकाणी वेगळं क्रियापद लागतंय. विचारायचं असं की ते निवडायची काही भरवशाची रीत आहे का? कोश कोणता वापरावा? आणि सगळ्यात मोठा प्रश्न: बाईच्या बोलण्यात तो शब्द पुन्हा पुन्हा येतो, त्याचा एक ठेका आहे. भाषांतरात तो जाऊ द्यायचा का? मला तो जाऊ द्यावासा वाटत नाही.

गोदाकाठचा (नांदेड)

ताई, काम फार मोलाचं घेतलंत. मी हैदराबादच्या इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीत स्पॅनिश शिकलो, आता नांदेडातच बसून भाषांतर करायलो.

पहिली गोष्ट, एचारकडं बघूच नका. त्याच्या पुढं काय आलंय ते बघा. ‘एचार उन विस्तासो’मध्ये सगळा अर्थ विस्तासो या नामात आहे, म्हणजे नजर. एचार तिथं नुसतं नामाला वाक्यात उभं करायला आलंय. म्हणून आधी नामाचं इंग्रजी करा आणि मग विचारा, या इंग्रजी नामाला इंग्रज माणूस कोणतं क्रियापद लावतो? लुकला टेक लागतं, म्हणून टेक अ लुक. ‘एचार उना मानो’ म्हणजे हात देणं, तिथं हँडला लेंड किंवा गिव्ह. ‘एचार ला सिएस्ता’ला टेक अ नॅप. ‘एचार ला कुल्पा’ म्हणजे दोष देणं. तिथं पुट द ब्लेम ऑन म्हणता येतं, किंवा ब्लेम हे एकटंच क्रियापद म्हणून चालतं.

दुसरं, मधलं शब्दयोगी बघा. एचारनंतर ‘आ’ आणि त्याला जोडून दुसरं क्रियापद आलं की काहीतरी एकदम सुरू झालंय. ‘एचो आ कोरेर’ म्हणजे तो पळत सुटला, ब्रोक इंटू अ रन. ‘से एचो आ योरार’, तिला रडू फुटलं, बर्स्ट इंटू टीअर्स. ही रचना कुठल्याही क्रियापदाबरोबर येत नाही. पळणं, चालणं, उडणं, आणि ‘से’ लावून रडणं, हसणं, थरथरणं अशा मोजक्यांबरोबरच येते. इथं नुसतं ‘बिगॅन टु क्राय’ लिहिलं तर तो झटका जातो. फक्त ‘एचार आ पेर्देर’ला हा नियम लावू नका. तो ठरलेला वाक्प्रचार आहे, नासवणं, वाया घालवणं, म्हणजे स्पॉइल.

कोशाचं म्हणाल तर स्पेनच्या रेआल अकादेमियाचा, म्हणजे तिथल्या भाषा-अकादमीचा, कोश नेटवर फुकट आहे. एचारच्या नोंदीत ढीगभर अर्थ आहेत, पण नोंदीच्या शेवटाकडं दिलेले वाक्प्रचार आधी वाचा, तुमचं निम्मं काम तिथंच होईल. त्याहून आवडता म्हणजे मारिया मोलिनेर यांचा वापरकोश. 1966-67 मध्ये दोन खंडांत निघाला. या बाईंनी ग्रंथपालाची नोकरी सांभाळून घरी बसून वर्षानुवर्षं तो रचला. शब्दाची व्याख्या देऊन त्या थांबत नाहीत, शब्द कोणाच्या सोबतीनं चालतो तेही सांगतात. इंग्रजी बाजूला ऑक्सफर्डचा कोलोकेशन्सचा, म्हणजे कोणता शब्द कोणत्या शब्दासोबत येतो ते सांगणारा, कोश जवळ ठेवा.

बालाघाटी (अंबाजोगाई)

मी इंग्रजी शिकवत आले, स्पॅनिश निवृत्तीनंतर शिकले. वरचा सल्ला पटला. त्यात माझी भर मराठीची.

एचार समजून घ्यायला आपल्याइतकी सोय इंग्रजांनासुद्धा नाही. आपण नजर टाकतो, पत्र पेटीत टाकतो, गाडीत पेट्रोल टाकतो, भाजीत मीठ टाकतो, दमलो की अंग टाकतो. या प्रत्येक ठिकाणी स्पॅनिशमध्ये एचार चालतं! जिथं टाकणं जमत नाही तिथं सुटणं आणि फुटणं येतं: पळत सुटला, हसत सुटली, रडू फुटलं. ‘एचार बार्रिगा’ म्हणजे पोट सुटणं. झाडाला पालवी फुटणं हेही एचारच. ‘किती वय धरशील त्याचं?’ असं आपण विचारतो ना, तिथं स्पॅनिश माणूस वर्षं ‘टाकतो’. म्हणून मुलाखत वाचताना वाक्य आधी मनातल्या मनात आपल्या बोलीत म्हणून बघा. सूर बरोबर सापडतो. बाई चिडलीय की थकलीय की लाडानं बोलतेय, हे कोशातून कळत नाही.

पण लिहिताना मराठी बाजूला ठेवा. हे मी कळकळीनं सांगते. समजण्यासाठी मराठी, लिहिण्यासाठी फक्त इंग्रजी. नाहीतर ‘पुट पेट्रोल’ आणि ‘थ्रो अ ग्लान्स’ असली वाक्यं हातून उतरतात. थ्रो अ ग्लान्स चुकीचं नाही, पण म्हाताऱ्या शेतमजूर बाईच्या तोंडी ते पुस्तकी वाटेल. तिथं ‘हॅड अ लुक’.

‘एचार दे मेनोस’ला तर मराठी उलटी वाट दाखवते. आपण म्हणतो ‘तिची आठवण येते’, म्हणजे कर्ता आठवण. स्पॅनिशमध्ये कर्ता मी, इंग्रजीतही कर्ता मीच. ‘आय मिस हर’ इतकं सरळ ठेवा. ‘हर मेमरी कम्स टु मी’ असलं काही काव्यमय करायला जाऊ नका, मूळ वाक्य साधं आहे.

वेरूळवाट (छत्रपती संभाजीनगर)

मी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यासाठी स्पॅनिश पत्रव्यवहार बघतो. माझा अनुभव धंद्याच्या भाषेचा आहे, तरी तीन गोष्टी तुमच्या उपयोगाच्या.

कागदावर उतरवणाऱ्यानं नीट उतरवलंय का ते तपासा. स्पॅनिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीचं एच (H) हे अक्षर उच्चारत नाहीत. त्यामुळं एचारचं ‘एचो’ म्हणजे मी टाकतो, आणि आसेर म्हणजे करणं याचं ‘एचो’ म्हणजे केलेलं, हे कानाला एकच. लिहिताना दुसऱ्याला सुरुवातीला एच लागतो, पहिल्याला नाही. स्पॅनिश माणसंसुद्धा यात सर्रास गोंधळतात. यंत्रानं लिहून काढलेला मजकूर असेल तर विचारूच नका. ध्वनिमुद्रण ऐकून याचा निकाल लागत नाही, वाक्याच्या व्याकरणावरूनच लावावा लागतो. एच लावलेलं ‘एचो दे मेनोस’ दिसलं तर ते टाकणंच आहे असं समजून चाला.

देश कोणता तेही बघा. तुमच्या बायका स्पेनच्या, म्हणून दे मेनोस. मेक्सिकोचा माणूस आठवणीसाठी बहुतेक वेळा ‘एस्त्रान्यार’ म्हणेल. आणि ‘एचाले गानास’ म्हणजे जीव लावून कर, जोर लाव, हे मेक्सिकोत उठताबसता ऐकू येतं. नेटवर उदाहरणं शोधताना ती कोणत्या देशाची आहेत हे पाहिल्याशिवाय घेऊ नका.

आणि एचारच्या काही जोड्या अश्लील आहेत. नाम साधं, निरुपद्रवी दिसतं आणि अर्थ भलताच निघतो. कोशात त्यापुढं तशी खूण असते. संस्थेच्या दफ्तरात जाणारा मजकूर आहे, म्हणून अनोळखी जोडी दिसली की ती खूण आधी शोधा.

मांजराकाठ

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. नाम आधी, क्रियापद नंतर, हे लगेच लावून बघितलं आणि पानं भराभर सुटायला लागली. ‘एचार उन रातो’ अडलं होतं, रातो म्हणजे थोडा वेळ. बायका तोडणी संपल्यावर दाराशी बसून गप्पा मारायच्या, तिथं आलंय. ‘वुई’ड सिट अँड टॉक अ व्हाइल’ असं केलं.

पण ठेक्याचं कुणीच बोललं नाही. एका परिच्छेदात बाई सांगते: पहाटे हरभरे भिजत टाकायचे, दिवसभराचा रोज टाकायचा, आणि एका वर्षी मालकानं आम्हाला मळ्याबाहेर टाकलं. तीन वाक्यं, तीन एचार. तिसरं येतं तेव्हा पोटात तुटतं. कारण जो शब्द ती स्वतःच्या कामासाठी वापरत होती तोच आता तिच्यावर आलाय. सोक, वर्क, इव्हिक्ट असं केलं तर अर्थ पोचतो आणि बाई हरवते.

पूर्णाकाठ (परभणी)

हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि याला उत्तर आहे. ‘पुट’ घेऊन बघा.

हरभरे: पुट द चिकपीज टु सोक. रोज: पुट इन अ डे’ज वर्क. मळा: दे पुट अस ऑफ द लँड. हे तिसरं अस्सल इंग्रजी आहे, जमिनीवरून हुसकावलेल्या कुळांबद्दल असंच म्हणतात. तिन्ही ठिकाणी क्रियापद तेच, कुठंही ओढाताण नाही, आणि तिसऱ्याला बसायचा तो घाव बसतो. इंग्रजीत इतकं राबणारं क्रियापद पुटच आहे. थ्रोकडं जाऊ नका, मूळ अर्थ तोच असला तरी इंग्रजीत त्याचा पसारा फार लहान.

गोदाकाठचा

पूर्णाकाठ, या तीन वाक्यांपुरतं मान्य. भारी सापडलं. पण संपूर्ण मुलाखतीत पुट पेरत बसू नका असं मी सांगीन. स्पॅनिश ऐकणाऱ्याला एचार पुन्हा पुन्हा आलेलं जाणवतही नाही, ते त्याला पाण्यासारखं आहे. इंग्रजीत तोच शब्द सारखा आला तर बाईची शब्दसंपत्ती तोकडी आहे असा वाचकाचा समज होईल. तो तिच्यावर अन्याय आहे.

पूर्णाकाठ

तोकडी कशी वाटेल? साधी वाटेल, आणि ती साधी आहेच. शेतात राबणाऱ्या बाईच्या तोंडी दर वाक्याला नवं, सुबक क्रियापद घातलं की ती कॉलेजात शिकल्यासारखी बोलायला लागते. त्यातही अन्याय आहेच की.

बालाघाटी

दोघांचंही म्हणणं मला कळतं. कसोटी एवढीच ठेवा, त्या जागी पुनरुक्तीनं अर्थ वाढतोय का? ताईंच्या परिच्छेदात वाढतोय, तिथं पुट ठेवा. सिएस्ता, रडू आणि बहीण या जागी पुट बसतच नाही. तिथं तो अट्टहास नको.

मांजराकाठ

हो, तसंच करते. मळ्याचं वाक्य वाचून अंगावर काटा आला.

शेवटचं एक. धाकट्या मुलीच्या लग्नाबद्दल सांगताना एक आजी म्हणते ‘एचामोस ला कासा पोर ला वेंताना’. शब्दशः, घरच खिडकीतून बाहेर टाकलं. अर्थ कळला, हात सैल सोडून खर्च केला. इंग्रजीत ‘पुश्ड द बोट आउट’ चालेल?

वेरूळवाट

ब्रिटिश वाचक असेल तर चालेल. अमेरिकी वाचक त्यावर अडखळेल, त्याला ‘स्पेअर्ड नो एक्स्पेन्स’ जवळचं. या वाक्प्रचाराची एक गोष्ट सांगतात, ती संस्थेला टिपेत आवडेल. राजा तिसरा कार्लोस यानं 1763 मध्ये स्पेनमध्ये सरकारी लॉटरी सुरू केली. ज्याला बक्षीस लागायचं तो जुनं सामानसुमान खिडकीतून रस्त्यावर फेकून नवं आणायचा, त्यावरून हे आलं म्हणे.

बालाघाटी

माझा कौल वेगळा आहे. दोन्ही वाक्प्रचार पैसेवाल्यांचे वाटतात. ज्या घरात रोज टाकल्याशिवाय चूल पेटत नव्हती, त्या घरानं लेकीच्या लग्नात असेल नसेल ते ओतलं. ‘वुई स्पेंट एव्हरीथिंग वुई हॅड’ असं सरळ लिहा. वाक्प्रचार गेला तरी चालेल, घर दिसलं पाहिजे.

मांजराकाठ

बालाघाटीताई, हेच घेते, आणि खिडकीची गोष्ट तळटीपेत. वाचक ब्रिटिश की अमेरिकी, ते संस्थेला आजच विचारते, कारण हरभऱ्याला चिकपीज ठेवायचं की गार्बान्झो तेही त्यावरच ठरेल. एचारच्या जोड्यांची माझी यादी पूर्ण झाली की इथंच लावते. कुणाला त्यात भर घालायची असेल तर सोबत देशाचं नाव तेवढं लिहा.