चपलांचे शेकडो फोटो एका दमात लहान कसे करायचे?

रंकाळा_कट्टा
मंडळी जरा मदत करा. कोल्हापुरात चप्पल लाईनला मामांचं दुकान आहे आणि ऑनलाइन कॅटलॉगचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कापशी, कुरुंदवाडी सगळ्या प्रकारच्या चपलांचे फोटो मोबाईलवर काढून झालेत, एकेक ४०००×३००० चा, ४-५ एमबीचा, आणि साइटवाला म्हणतोय १६०० पिक्सेलच्या वर नको. एकेक उघडून करत बसलो तर दिवाळी उजाडेल. कुणीतरी इमेजमॅजिक (कमांड देऊन फोटो बदलायचं सॉफ्टवेअर) सांगितलं म्हणून टाकलं, पण कन्व्हर्ट कमांड मारली की विंडोज इनव्हॅलिड पॅरामीटर म्हणून बोंबलतंय. काय भानगड आहे?

तांबडा_पांढरा
भावा ती कन्व्हर्ट तुझी नव्हेच. विंडोजची स्वतःची त्याच नावाची कमांड आहे, डिस्कची फाइल सिस्टिम फॅटवरनं एनटीएफएस करायची, तिला तुझं रिसाइझ काय कळणार. इमेजमॅजिक ७ असेल तर सुरुवात मॅजिकनं कर. फोटोंच्या फोल्डरमध्ये आधी 'लहान' नावाचं रिकामं फोल्डर बनव, ते आपोआप बनत नाही, आणि मग हे (टाइपताना सगळं इंग्रजीत, फोल्डरचं नाव पण, आणि × च्या जागी एक्स अक्षर):

मॅजिक मॉग्रिफाय -पाथ लहान -ऑटो-ओरिएंट -रिसाइझ "१६००×१६००>" -क्वालिटी ८२ *.जेपीजी

-पाथ विसरलास तर मॉग्रिफाय मूळ फोटोवरच लिहितंय, परत मिळणार नाही, म्हणून आधी एक कॉपी बाजूला ठेवच. १६००×१६०० म्हणजे चौकोन होत नाही, त्या मापात बसेल एवढा लहान होतो, आकार बिघडत नाही. शेवटचं > चिन्ह म्हणजे मोठे असतील तेवढेच लहान कर, आधीच बारके असलेले ताणू नको. आणि अवतरण चिन्हं काढू नको, नाहीतर कमांड प्रॉम्प्टला वाटतंय तू आउटपुट फाइलमध्ये पाठवतोयस.

पन्हाळा_धुकं
मॅकवाल्यांना एवढ्यासाठी काही टाकायला नको, सिप्स नावाची कमांड आधीच असतेय, मोठ्या झेडनं १६०० दिलं की झालं, फक्त तेही मूळ फाइलच बदलतंय. आणि लिनक्सवर कॅपिटल जेपीजी आणि स्मॉल जेपीजी वेगळे धरले जातात, निम्मे फोटो सुटले की लोक सॉफ्टवेअरला शिव्या घालतात.

रंकाळा_कट्टा
नाद खुळा! चहा संपायच्या आत सगळे झाले. पण एक लफडं आहे. एका व्हिडिओत बघून साइज अजून कमी व्हावी म्हणून दुसऱ्या लॉटला -स्ट्रिप (फोटोबरोबरची जादा माहिती काढून टाकणारं) लावलं आणि त्यात मामेभावाच्या आयफोनवरच्या फोटोंचा रंग उतरलाय. चामड्याचा तो तांबूस रंग असतो बघा, तो पार फिका, मामा म्हणतात ही आपली चप्पलच नव्हे. माझ्या अँड्रॉइडचे मात्र ठीक आहेत.

गुजरी_कट्टा
आयफोन फोटो डिस्प्ले पी३ या रंगपद्धतीत काढतो, त्यात रंगांची रेंज मोठी, आणि ती कशी वाचायची हे फोटोतल्या कलर प्रोफाइलमध्ये लिहिलेलं असतंय. स्ट्रिपनं ते प्रोफाइलच उडवलं, मग ब्राउझर सरळ एसआरजीबी (वेबवरची नेहमीची, लहान रेंजची रंगपद्धत) समजून दाखवतो आणि रंग मरतो. आमच्याकडं साज, ठुशीचे फोटो टाकताना हाच वैताग, सोनं पितळेसारखं दिसतंय आणि गिऱ्हाईक विचारतंय खरं आहे का म्हणून.

स्ट्रिपच्या आधी -प्रोफाइल लावून एसआरजीबीची प्रोफाइल फाइल दे, म्हणजे रंग नुसता झाकला जात नाही, खरंच बदलून येतो. विंडोजमध्ये ती फाइल सिस्टिम३२ मधल्या स्पूल, ड्रायव्हर्स, कलर या फोल्डरात असतेय. मग खुशाल स्ट्रिप कर, आणि करच, कारण लोकेशन चालू असेल तर मामांच्या घराचा पत्ता पण फोटोबरोबर जातोय. फक्त -ऑटो-ओरिएंट काढू नको, फोटो कसा धरायचा ती खूण पण स्ट्रिपबरोबर जाते आणि उभी चप्पल आडवी होतेय.

रंकाळा_कट्टा
आलं की ओ, रंग परत आला! शेवटचं विचारतो, साइटला आता चौकोनी पण पाहिजेत म्हणे.

तांबडा_पांढरा
दोन रस्ते आहेत. मापाला ^ लावून -ग्रॅव्हिटी सेंटर आणि -एक्स्टेंट दिलं की चौकोन भरतो, पण बाजूचं कापलं जातं, आणि जोडीच्या फोटोत चपलांचे अंगठेच गायब होतात. तुला ते नको. ^ न लावता -बॅकग्राउंड व्हाइट, -ग्रॅव्हिटी सेंटर, -एक्स्टेंट १६००×१६०० दे, उरलेल्या जागेत पांढरं भरतंय. आधी चार-पाच फोटोंवर मारून बघ, मग सगळे.